पाचवी प्रत

आम्ही जीनगर. पणजोबा खोगिरं शिवायचे,
मी प्रबंध शिवतो.
नारायण पेठेत बोळाच्या तोंडाशी नऊ बाय सहाचं दुकान,
काळं रेक्झिन, सरस, दाबयंत्र,
आणि पितळी खिळ्यांची एक पेटी,
तिच्यातला ‘डॉ’ सगळ्यात जास्त झिजलाय.

मी बारावी नापास. दोनदा.
पण गठ्ठा हातात आला की कळतं
आत किती राबलंय कुणी.
राबणारे कच्ची पानं घेऊन येतात,
त्यांवर हळदीचं बोट असतं,
मध्येच एसटीचं तिकीट खूण म्हणून.
बाकीच्यांचं सगळं कोरं करकरीत येतं,
बहुधा ड्रायव्हरच्या हातून.

कांचनमाला भापकर स्वतः आली होती, मार्चात,
सासवडच्या पुढून कुठून तरी, पायात पावसाळी चपला.
कऱ्हेकाठच्या पाझर तलावांवर लिहिलं होतं तिनं.
पाच प्रती सांगितल्या, चार नेल्या.
पाचवीचे पुढच्या महिन्यात देते, म्हणाली.
मी हो म्हटलं. राहू दे, असंही म्हणता आलं असतं.

पान एकशे चौदा. ‘तलावातील गाळ’चं
‘तलावातील गळ’ झालं होतं.
तिथंच स्टुलावर बसून निळ्या पेनानं
एकेका प्रतीत काना दिला तिनं.
चार प्रतींत.

मग सहा वर्षं गेली. सरस महागला.
त्या टेकडीमागच्या विद्यापीठातून गाडी आली,
धायगुडे साहेबांचा प्रबंध, सात प्रती, उद्या सकाळी हवा.
पानं जुळवताना मी वाचत नाही,
वाचलं तर हात चुकतो.
पण एकशे चौदा आलं
आणि तलावात गळ होता.
तोच. त्याच ओळीत, डावीकडून तिसरा शब्द.
ऋणनिर्देश मात्र नवा होता:
तिच्यात आईचं शिवणयंत्र होतं, विकलेलं.
ह्यात संस्थापक अध्यक्ष.

मी काय केलं?
सात प्रती शिवल्या. रोख पैसे मिळाले.
कोपरे नेहमीपेक्षा नीट बसले, तेही सांगून टाकतो.

पुढच्या साली त्यांच्याकडे तपासणी समिती यायची होती.
अहवालाचे बेचाळीस खंड मीच बांधले.
चौकातून जुनी पुस्तकं किलोवर उचलली त्यांनी,
शिक्के मारले, मागच्या तारखांचे.
कुंड्या भाड्याच्या. प्रयोगशाळेतला सांगाडा
कर्वे रोडच्या कुठल्याशा क्लासमधून तीन दिवसांसाठी आणलेला.
प्राध्यापकही तसेच म्हणे,
पण सांगाड्याचं मला नक्की माहीत आहे,
तो टेम्पो माझ्या मेव्हण्याचा.
समिती जेवली, फेटे बांधून घेतले, वरची श्रेणी देऊन गेली.
त्या श्रेणीचा ठसाही माझ्याकडेच आला.
‘डॉ. धायगुडे, कुलसचिव.’ सोनेरी वर्ख.
झिजलेला ‘डॉ’ दोनदा दाबावा लागला.

पुण्याला विद्येचं माहेर म्हणतात.
माहेरी आलेल्या लेकीला
कुणी पावती मागत नाही, तसं चाललंय.

आता आमची मृदुला त्याच टेकडीमागे जाते.
दुसरीकडे नंबर लागला नाही.
पहिल्या दिवशी माहितीपुस्तिका घेऊन आली,
गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर साहेबांचा फोटो.
“बाबा, कॉलेज चांगलं आहे ना?”
मी म्हटलं, बांधणी चांगली आहे.
ती हसली. माझ्या बोलण्याला ती नेहमी हसते.

फळीवर मागच्या बाजूला पाचवी प्रत आहे.
दर दिवाळीला धूळ पुसतो,
एकशे चौदा उघडतो. गळ अजून तिथंच.
निळं पेन खिशात असतं, तरी काना मी देत नाही.
तो माझा नाही.

कांचनमाला, पैशांचं राहू दे.
एक ते चार शटर खाली असतं,
पण मी आतच पडलेला असतो.
वाजवलंस तरी चालेल.